कावीळ गेली, पोट राहिलं

फुलसावंगीपासून दोन कोसांवरच्या तांड्यावर माझी बदली झाली, तेव्हा माझ्या आधी माझी कीर्ती तिथं जाऊन बसली होती. शिक्षक म्हणून नव्हे. शिकवण्यात मी असा काही दिवे लावणारा नव्हतो. कीर्ती होती खाण्याची. बाभुळगावला, म्हणजे आमच्या गावी, एका रोडग्यांच्या जेवणात मी एका बैठकीला अकरा रोडगे खाल्ले होते. ज्यांनी रोडगा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कणकेचा मुठीएवढा गोळा, आत पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला आणि वरून तुपात बुडवलेला. वांग्याच्या भाजीसोबत असे तीन खाल्ले की धडधाकट माणूस झाडाखाली आडवा होतो. मी अकरा खाऊन सायकल चालवत घरी गेलो होतो. ही बातमी कोण्या पाहुण्यानं तांड्याच्या नाईकांना सांगितली असावी. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझा हुद्दा विचारला नाही की शिक्षण विचारलं नाही. खालून वर पाहून म्हणाले, "मास्तर, तुमी वाळकेच दिसता. ते अकरा गेले कुठी?"

मला त्याचा अभिमान वाटला. चोवीस वर्षांचा होतो. माणसाला अभिमान वाटायला दुसरं काही नसलं की तो पोटाचा बाळगतो.

ही साठ-एकसष्ट सालची गोष्ट. तांड्यावर तीस-बत्तीस घरं होती. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेल्या लोकांची ती वस्ती. आता सगळे कापूस-ज्वारी करत. शाळा म्हणजे नाईकांच्या घराची लांब ओसरी, आणि शिक्षक म्हणजे मी एकटाच, चारही वर्गांना मिळून.

उन्हाळ्याच्या तोंडी फुलसावंगीच्या बाजारात मी उसाचा रस प्यायलो. एक ग्लास पिऊन घरी आलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण सोबतच्यांपैकी कोणी तरी म्हणालं, "मास्तर काय, सहजच सहा पितील." त्याला खोटं कसं पाडायचं? मी सहा प्यायलो. चरकाशेजारच्या बादलीत ग्लास विसळले जात होते आणि त्या बादलीतलं पाणी रसापेक्षा दाट होतं, हे मी पाहिलं होतं. पाहून प्यायलो.

महिन्याभरानं अंगात कणकण आली. भाकरीचा वास नकोसा झाला. मला भाकरीचा वास नकोसा! तेव्हाच कळायला हवं होतं. एके दिवशी सकाळी दुसरीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडायची नाही, पाटी घेऊन जवळ आली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

"काय गं?"

"गुरुजी, तुमचे डोये पिवये दिसून राह्यले."

मी तिच्यावर डाफरलो. मग नाईकांच्या ओसरीतल्या आरशात पाहिलं. मुलगी बरोबर होती. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले होते.

पुसदच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि विचारलं, "महिन्याभरात बाहेरचं काही प्यायलात?" मी खाली पाहून सांगितलं, "एक ग्लास उसाचा रस." ते म्हणाले, "हा पाण्यातून येणारा विषाणू आहे. याला औषध नाही. आराम करा, तेल-तूप-तिखट बंद." मी दीड महिन्याच्या रजेवर बाभुळगावला आईकडे गेलो.

आईनं आराम सोडून सगळं केलं. एकानं माझे हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पिवळं पाणी सगळ्या गल्लीला दाखवलं. एकीनं एरंडाच्या पाल्याचा रस पाजला. गळ्यात कसल्याशा मुळ्यांची माळ आली. आणि गावातल्या झाडून सगळ्या शहाण्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे, की काविळीवर उसाचा रस उत्तम. आई सकाळ-संध्याकाळ पेला पुढे करायची आणि मी डोळे मिटून तो घशाखाली ढकलायचो. हे दुखणं मला कशानं झालं, ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सहा आठवड्यांनी डोळे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाले, "कावीळ गेली." सुटलो, असं वाटलं. त्याच दिवशी घरी येऊन ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा मागितला. आई म्हणाली, "अरे, दोन दिस थांब ना, बापा." पण थांबणाऱ्यांतला मी असतो तर सहा ग्लास कशाला प्यायलो असतो? दोन भाकरी खाल्ल्या. तासाभरानं पोटात जो आवाज सुरू झाला, तो ऐकून आई अंगणातून आत आली. तिला वाटलं, घरात कोणी जातं ओढतंय.

त्या दिवसापासून पुढची दीड-पावणेदोन वर्षं माझं पोट माझं राहिलं नाही.

त्याची वागणूक सांगतो. रिकामं असलं की जळायचं. भरलं की फुगायचं. तेलाचा थेंब गेला की ढेकरांची रांग लागायची, आणि दूध गेलं की थेट पळावं लागायचं. कधी चार दिवस शहाण्यासारखं राहायचं. मी खूश होऊन वांग्याच्या भाजीकडे नुसतं पाहिलं तरी पाचव्या दिवशी बिनसायचं. आणि बिनसलं की वेळ देत नव्हतं. ज्याला घाई म्हणतात ती मला आयुष्यात पहिल्यांदा तांड्यावर कळली.

तांड्यावर संडास कुठून असणार? टमरेल घ्यायचं आणि ओढ्यापलीकडे पळसाच्या झुडपांत जायचं. सगळेच जात. पण सगळे पहाटे एकदा जात, मी दिवसातून चारदा. तांड्यातली कोणतीही जागा ओढ्यापासून किती लांब आहे हे मला पावलांत पाठ झालं होतं. पालकांना भेटायला गेलो तर उंबऱ्यातच बसायचो, आत जात नव्हतो. त्यांना वाटायचं, मास्तर मोठा संकोची माणूस आहे.

अडचण शाळेची होती. चार वर्ग, एकच शिक्षक, आणि त्याला मधेच उठून ओढ्याकडे धावायचंय. मुलांना काय सांगणार? म्हणून मी एक युक्ती काढली. पोटानं इशारा दिला की फळ्यावर छडी आपटायची आणि म्हणायचं, "सगळ्यांनी मिळून एकोणतीसचा पाढा! मी येईपर्यंत थांबायचं नाही." एकोणतीसचाच का? तर तो सगळ्यांत अवघड. मुलं अडखळत, मागे जात, पुन्हा सुरू करत, म्हणजे वेळ जास्त जाई. बऱ्या दिवशी तीन पाढ्यांत मी परत येत असे. वाईट दिवशी सात लागत. पळसाच्या झुडपांत बसून मला लांबून ते ऐकू यायचं: एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. तो पाढा थांबू नये म्हणून मी देवाचा धावा केला आहे.

मला वाटायचं, हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. कापूस निंदणाऱ्या बाया पाढा सुरू झाला की माना वर करून हसतात, हेही मी पाहिलं होतं. पण मुलांच्या प्रगतीचं त्यांना कौतुक वाटत असेल, असं मी समजत होतो.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. एकानं ओवा सांगितला, दुसऱ्यानं ओवा मुळीच नको म्हणून हिंग सांगितलं. फुलसावंगीच्या पोस्टमास्तरांनी सकाळी डोकं खाली, पाय वर करायला सांगितलं. ते मी एकदाच केलं. पुन्हा करण्यासारखं ते नव्हतं, एवढंच लिहितो. पुसदच्या डॉक्टरांकडे परत गेलो. ते म्हणाले, "आत काही बिघडलेलं नाही. असल्या तापा-काविळीनंतर काही जणांचं पोट वर्ष-दोन वर्षं रुसून बसतं. साधं खा, थोडं थोडं खा, चिंता करू नका." यातली एकही गोष्ट मला येत नव्हती.

कारण माझी कीर्ती अजून जिवंत होती. तांड्यावर लग्न असो, नवस असो, पंगतीत मास्तर पाहिजेच, आणि वाढणारा माझ्याजवळ आला की सगळ्यांच्या माना वळायच्या. "माझं पोट बिघडलंय, मला दोन घास ताक-भात द्या," एवढं एक वाक्य मला बोलता येत नव्हतं. पाच-पाच रोडगे पानावर घेत होतो. एक चिवडायचो आणि उरलेले, लोक बोलण्यात गुंतले की, मांडीखालच्या कापडी पिशवीत. घरी जाताना ओढ्याजवळ ते कुत्र्यांना टाकायचो. कुत्री मला इतकी ओळखू लागली की शाळेच्या ओसरीशी येऊन बसायची. एकदा पहिलीच्या मुलांनी मला विचारलं, "गुरुजी, या कुत्र्यायची बी हजेरी घ्याची का?"

अशात डिप्टीसाहेब तपासणीला येणार असल्याचा निरोप आला. डिप्टीसाहेब म्हणजे आमच्या खात्याचे अधिकारी. वर्षातून एकदा येत, मुलांची परीक्षा घेत आणि शेरा लिहीत. त्या शेऱ्यावर आमची बढती-बदली टांगलेली. मी दोन दिवस आधी जेवण जवळजवळ सोडलं. नाईकांनी मात्र साहेबांच्या मानासाठी रोडग्यांचा बेत ठरवला आणि मला म्हणाले, "मास्तर, सायबाले दाखवून द्या आपल्या शाळेचा मास्तर काय हाय ते."

साहेब नाईकांच्या बैलगाडीतून आले. पन्नाशीचे, स्थूल, काळी टोपी, चामड्याची बॅग. चेहरा दुखरा. मला वाटलं, रागीट आहेत. त्यांनी वाचन घेतलं, ठीक झालं. शुद्धलेखन घेतलं, ते ठीक झालं नाही. मग गणिताकडे वळले आणि आता तिसरीच्या रांगेत बसणाऱ्या त्या डोळे ओळखणाऱ्या मुलीला उभं करून विचारलं, "पाढे कितीपर्यंत येतात?"

"एकोणतीसचा येते," ती म्हणाली.

साहेब हसले. "विसाचा येतो का आधी?"

"नाई. एकोणतीसचाच येते."

"बरं, एकोणतीस साती?"

"दोनशे तीन."

"एकोणतीस नव्वे?"

"दोनशे एकसष्ट."

साहेबांनी शेजारच्याला विचारलं. त्यालाही येत होतं. पहिलीतल्या शेंबड्या मुलांनाही येत होतं. साहेबांनी चष्मा काढला. "गुरुजी, मी तेवीस वर्षं शाळा तपासतोय. पहिलीच्या मुलांना एकोणतीसचा पाढा येणारी ही पहिली शाळा. ही कोणती पद्धत आहे?"

मी घसा साफ करून पद्धतीविषयी काही तरी बोलायच्या तयारीत होतो. 'सामूहिक' हा शब्द मला सुचलाही होता. तेवढ्यात ती मुलगी, अजून उभीच होती, अगदी भाबडेपणानं म्हणाली, "गुरुजी टमरेल घेऊन नाल्याकडे जाते ना, तवा आमी म्हणतो. रोज म्हणतो. कधी कधी सात डाव म्हणतो."

बाहेर उभे असलेले नाईक एकदम आभाळाकडे पाहू लागले. माझे कान इतके तापले की पुन्हा कावीळ झाली असती तरी मी तिचं स्वागत केलं असतं.

साहेबांनी मुलांना बाहेर खेळायला सोडलं. नोंदवही मिटली. मी बोलणी खायच्या तयारीत उभा. ते हळू आवाजात म्हणाले, "कधीपासून?"

"कावीळ झाली तेव्हापासून, साहेब. दहा महिने होतील."

"माझे चौदा," ते म्हणाले. "मला तापाच्या साथीनं धरलं होतं. आठ दिवसांत ताप गेला, पोट राहिलं." त्यांनी बॅग उघडली. फायलींच्या मधे एक बाटली होती, ओवा आणि सैंधवाची. "गावोगाव फिरतीची नोकरी. प्रत्येक ठिकाणी साहेबांसाठी म्हणून तर्रीची भाजी करतात. नाही म्हटलं तर साहेब गर्विष्ठ. हो म्हटलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मला ते पूर्ण करता आलं असतं. मग जरा इकडे-तिकडे पाहून त्यांनी विचारलं, "ती तुमची जागा कोणत्या बाजूला आहे? आज सकाळपासूनच..."

मी माझं टमरेल भरून दिलं. अधिकाऱ्याची अशी सेवा करताना कोणता नियम लागू होतो ते मला माहीत नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी दिलं. साहेब टोपी सांभाळत ओढ्याकडे निघाले. अंगणात खेळणाऱ्या मुलांनी ते टमरेल पाहिलं मात्र, खेळ टाकून सगळी एका सुरात सुरू झाली: "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" मी हात हलवून थांबवत होतो. ती अधिकच जोरात म्हणत होती. मी येईपर्यंत थांबायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. शेतातून बायांच्या हसण्याचा आवाज आला. मी ओसरीच्या खांबाला धरून खाली बसलो आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून, मीही हसलो.

साहेब पाच पाढ्यांनी परत आले. म्हणाले, "शिस्त चांगली आहे."

जेवायला बसलो तेव्हा पंगतीत रोडगे आले. साहेब नाईकांना म्हणाले, "मला फक्त ताक द्या. पोट बरं नाही." किती सोपं वाक्य होतं! नाईकांना वाईट वाटलं नाही, राग आला नाही. सगळ्यांच्या माना आता माझ्याकडे. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटण्याआधीच मागून नाईकांची आई बोलली. सत्तरीची म्हातारी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, सगळा तांडा तिला याडी म्हणायचा; त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिनं माझ्यापुढचं पान उचललं आणि एक वाडगं ठेवलं. ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवलेल्या, वर पातळ ताक आणि मीठ.

"मास्तर, तू रोडगं पिशवीत घालतं अन् नाल्यावर कुत्र्याले टाकतं, ते मले मालूम हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "कुत्रं मोटं झालं, तू बारीक झालं. कायले लाजतं? पोटच हाय ते. चोरी करून राह्यला का तू?"

मला वर पाहवेना. नाईक म्हणाले, "आमाले बी मालूम होतं जी. तुमाले वाईट वाटन म्हणून कोनी बोललं नाई." म्हणजे सगळ्या तांड्यानं मिळून माझी लाज राखली होती, आणि मी समजत होतो की माझ्या हुशारीनं ती राखली गेली.

मी ते वाडगं संपवलं. साहेबांनी पाहून दुसरं मागितलं.

त्यानंतर याडीनं मला सोडलं नाही. रोज शाळा सुटली की कण्या-ताक. तेलाचं काही दिसलं तर ती सरळ हातातून काढून घ्यायची. "बेस," म्हणायची, "सावकास खा. कोनी मांगं नाई लागलं." सावकाश खाणं मला कधी आलंच नव्हतं. दोन घासांमधे भाकरीचीही चव असते, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. पोट लगेच सुधारलं असं नाही. होळीला मी चोरून भजी खाल्ली आणि आठ दिवस पुन्हा पाढे चालू. याडीनं काही विचारलं नाही. पाढा तिच्या घरापर्यंत ऐकू जात होता.

शेरा महिन्याभरानं आला. "गणित उल्लेखनीय. शुद्धलेखन सुधारावे. शिक्षकाने प्रकृतीस जपावे." हे तिसरं वाक्य आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाच्या वाट्याला आलं नसेल.

बरं कधी झालं, त्याचा दिवस सांगता येणार नाही. वाईट दिवस विरळ होत गेले, मग ते आल्याचं आश्चर्य वाटू लागलं. त्या वर्षी दिवाळीनंतर आई बाभुळगावहून पहिल्यांदाच तांड्यावर आली. तिची आणि याडीची भाषा निम्मीच जुळत होती, पण माझ्या पोटाविषयी दोघींना बोलायचं बरंच होतं. मी ओसरीत वह्या तपासत बसलो होतो आणि आत त्यांची माझ्या अवगुणांची उजळणी चालली होती. ऐकता ऐकता मी पुढ्यात ठेवलेल्या ताटातली वांग्याची भाजी संपवली. थोडी होती, पण तेलाची होती. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, काही झालं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. उगाच पोटाच्या कानावर जायचं.

उडदाची डाळ मला आजही चालत नाही, आणि दुधाच्या चहानंतर मी अजून बसायची जागा विचारपूर्वक निवडतो. डॉक्टरांना सांगितलेला तो एक ग्लास रस आईच्या कानावर कधी तरी गेला असावा; जाताना तिनं मला विचारलं, "त्या वक्ती तू खरंच एकच गिलास पेला होता का रे?" मी म्हणालो, "सहा." तिनं एस.टी.ची खिडकी लावून घेतली, आणि गाडी सुटताना ती उघडून म्हणाली, "मले वाटलंच होतं."